कडू बटाट्याचा पहारेकरी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळेची एक नळी, तीन भिंगे, एक गोल आरसा आणि कडांना पोपडे धरलेला काळा पाय, एवढाच माझा संसार. पण मित्रांनो, माझी गोष्ट माझ्यापासून सुरू होत नाही. ती एका पत्रापासून सुरू होते. ते पत्र नऊ वर्षे माझ्या लाकडी पेटीत, माझ्या पायाशी, घडी घालून पडले होते. ते इलारिओन टिकोना गुरुजींना आले होते आणि गुरुजींनी त्याला कधीच उत्तर पाठवले नव्हते.

गुरुजींच्या घरी पुस्तकांच्या दोन फळ्या होत्या, कागदपत्रांचा एक पत्र्याचा डबा होता. तरी ते पत्र त्यांनी शाळेत आणून माझ्या पेटीत ठेवले. असे का, ते मला पुष्कळ दिवस समजले नाही. आता वाटते, ज्या दोन गोष्टींकडे पाहायला त्यांना धीर होत नव्हता, त्या त्यांनी एकाच कुलपात ठेवल्या होत्या.

पत्र निएवेस चांबिल्याचे होते. आमच्या कोल्याविरी गावातली, याच शाळेत शिकलेली मुलगी. पुनो शहरातल्या कॉलेजात गेल्यावर पहिल्याच महिन्यात तिने ते लिहिले होते. मजकूर थोडा होता. "गुरुजी, सहावीत मी तुम्हाला विचारलं होतं, की लुकी बटाटे गोठवल्याशिवाय नदीत का टाकत नाहीत. तुम्ही म्हणालात, बघून सांगतो. मी अजून थांबले आहे. इथं कोणी विचारलं तर मी सांगते, माझे गुरुजी सांगणार आहेत."

लुकी म्हणजे आमच्या पठारावरचा कडू बटाटा. जिथे दुसरे काही तग धरत नाही, तिथे तो उगवतो. पण तसाच शिजवून खाल्ला तर जीभ जळते आणि पोट बिघडते. म्हणून जून महिन्यात, आमच्या ऐन थंडीत, त्याला तीन रात्री उघड्यावर गोठवतात. मग पोत्यांत भरून तीन आठवडे वाहत्या नदीत ठेवतात. बाहेर काढला की पुन्हा गोठवायचा, पायांनी तुडवून साल काढायची आणि वाळवायचा. मग त्याची तुंता होते: खडूसारखी पांढरी, हलकी आणि वर्षानुवर्षे टिकणारी. तिच्यात कडूपणाचा मागमूस राहत नाही. कोल्याविरीत मुलाच्या पहिल्या घासापासून म्हाताऱ्याच्या शेवटच्या घासापर्यंत तुंताच असते.

निएवेसने तो प्रश्न विचारला त्या दिवशी मी वर्गातच होतो. कपाटाला काच होती आणि तेव्हा मी पेटीबाहेर उभा असे, म्हणून मला सारे दिसत असे. गुरुजी विसरण, म्हणजे पदार्थाचे आपोआप पसरणे, शिकवत होते. त्यांनी पेलाभर स्वच्छ पाणी घेतले आणि त्यात जांभळ्या मक्याच्या काढ्याचा एक थेंब सोडला. थेंब आधी दोऱ्यासारखा खाली उतरला, मग धूर झाला, आणि तास संपता संपता सारा पेला फिका जांभळा झाला. कोणी ढवळले नव्हते. गुरुजींनी सांगितले, की सणाच्या दिवशी प्रार्थना संपली की चर्चच्या दारातली गर्दी जशी आपोआप चौकभर पांगते, तसेच हे आहे. प्रत्येक कण आपल्या धुंदीत इकडेतिकडे धडकत असतो. कुठे जायचे हे त्याला ठाऊक नसते. तरी गर्दीकडून मोकळ्या जागेकडे जाणारे जास्त असतात आणि परत येणारे कमी. शेवटी सगळीकडे सारखी दाटी होते.

मुलांना ते आवडले. तेव्हा निएवेस उभी राहिली. तिचे म्हणणे सरळ होते. बटाट्यात कडूपणाची गर्दी आहे आणि नदीत मोकळी जागा आहे. मग कडूपणा तसाच बाहेर का येत नाही, आधी गोठवायचे कशाला?

गुरुजींचे कान लाल झाले. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि म्हणाले, बघून सांगतो. म्हणताना त्यांची नजर माझ्या कपाटाकडे गेली आणि लगेच परत फिरली.

मित्रांनो, मला उत्तर ठाऊक होते. पण मला बोलता येत नाही. मी फक्त दाखवू शकतो, आणि तेही कोणी डोळा लावला तरच.

मला ते कसे ठाऊक होते, हे सांगायला मागे जायला हवे. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझी भिंगे घासणाऱ्या माणसाच्या बोटांना लाल भुकटीचा रंग कायमचा चढला होता. तो एकेक भिंग उजेडासमोर धरून इतका वेळ पाही, की मला वाटे हा आता मला सोडणारच नाही. पण मी गवतात गुंडाळला गेलो, जहाजात चढलो, मोयेंदोच्या बंदरावर उतरलो आणि आरेकिपातल्या एका दवाखान्यात पोहोचलो. माझ्या उमेदीची तेवीस वर्षे तिथे गेली. किती जणांचे रक्त, किती जणांची थुंकी मी पाहिली याला गणती नाही. तिथले म्हातारे डॉक्टर नव्या परिचारिकांना सांगत, "आधी याला विचारा, मग मला." हे वाक्य आठवले की आजही माझे पितळ जरा जास्त चकाकते असे मला वाटते.

दर वर्षी नव्या मुली आल्या की ते डॉक्टर एकच प्रयोग करून दाखवत. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन त्यात ते साधे पाणी मिसळत. लाल पेशी फुगत, फुगत, आणि फुटून नाहीशा होत. दुसऱ्या थेंबात खारट पाणी घालत. पेशी आक्रसून मनुकांसारख्या होत. मग ते सांगत, की प्रत्येक जिवंत पेशीला तेलाच्या तवंगाहूनही पातळ असे एक पटल असते. ते नुसते वेष्टन नसते, तो पहारेकरी असतो. पाण्याला तो सहज वाट देतो, प्राणवायूला देतो. मिठाला, साखरेला आणि इतर पुष्कळांना अडवतो. ज्यांची गरज असेल त्यांच्यासाठीच त्याने छोटी दारे ठेवलेली असतात. मीठ अडले की मग पाणीच मिठाकडे धाव घेते, म्हणून पेशी आक्रसते. "म्हणून कुणाच्या शिरेत साधं पाणी टोचायचं नाही," डॉक्टर म्हणत, "आतला पहारेकरी फुटून मरेल." मुली माझ्यात पाहत आणि गप्प होत. अशी शांतता मी फार मिळवली आहे, आणि तिचा मला अभिमान आहे.

पुढे दवाखान्यात दोन डोळ्यांची नवी यंत्रे आली. मला कोल्याविरीच्या शाळेला देऊन टाकले. बसच्या टपावरून आणि मग लोकरीच्या गठ्ठ्यांत बसून ट्रकने मी आलो. मित्रांनो, त्या दिवशी माझे असे स्वागत झाले, जसे एखाद्या नव्या घराचे करतात! बासऱ्या आणि ढोल वाजले. गावाच्या रीतीप्रमाणे माझ्यावर रंगीत कागदाच्या टिकल्या उधळल्या आणि दारूचे चार थेंब शिंपडले. त्यातली एक गुलाबी टिकली माझ्या मोठ्या भिंगाला दोन वर्षे चिकटून होती.

चिकटून राहिली, कारण ती काढायला कोणी आलेच नाही. तालुक्याहून अधिकारी आले, त्यांनी माझे नाव शाळेच्या सामानाच्या यादीत चढवले, 'चालू स्थितीत' असे लिहिले आणि गुरुजींची सही घेतली. पलीकडच्या गावात एका मास्तरांच्या हातून पृथ्वीचा गोल फुटला होता, तर त्यांची दोन वर्षे चौकशी चालली होती. आमचे गुरुजी तर पुस्तकाचे पान उलटतानाही त्याला दुखेल की काय अशा बेताने उलटणारे. त्यांनी मला कपाटात ठेवले आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला बांधली. दर डिसेंबरात ते मला बाहेर काढत, भिंगे सोडून बाकी सारे मऊ फडक्याने पुसत, यादीवर सही करत आणि पुन्हा आत ठेवत. माझ्यावर कधी धूळ बसली नाही. माझ्यात कधी कोणी पाहिलेही नाही. मित्रांनो, इतक्या मायेने केलेली उपेक्षा तुम्ही क्वचितच पाहिली असेल.

अशी चौदा वर्षे गेली. निएवेस शिकून डोंगरापलीकडच्या एका शाळेत मास्तरीण झाली. गुरुजी चौसष्ट वर्षांचे झाले. आणि मग तो जून आला.

त्या वर्षी थंडीने दगा दिला. रात्री ढग येत आणि ढग आले की जमिनीची ऊब अडकून राहते, दव गोठत नाही. सगळ्यांनी लुकी मोकळ्या पठारावर पसरले होते. दोन रात्री बऱ्यापैकी गोठल्या, तिसरी जेमतेम. नदीचा त्या वर्षीचा कारभारी होता ताता क्रिसोस्तोमो पारी (वडीलधाऱ्याला आमच्याकडे ताता म्हणतात), सत्तरीचा, बोलका, कुणाची टोपी उडवल्याशिवाय दिवस न घालवणारा. त्याने सांगून टाकले, की परवा सकाळी सगळी पोती पाण्यात जातील.

सगळी म्हणजे सगळी, आणि एकाच दिवशी. आमच्याकडे नदीच्या काठाला एकाखाली एक अशी डबकी खणतात आणि पाणी वरच्यातून खालच्यात वाहत जाते. कोणी मागाहून पोती टाकली, तर त्याच्या बटाट्यांचा कडूपणा खालच्यांच्या धुऊन झालेल्या बटाट्यांत शिरायचा. सर्वांत वरचे डबके गावातल्या उत्तम तुंता करणाऱ्या बाईला मिळते. तो मान वीस वर्षे फोर्तुनाता चांबिल्याबाईंकडे होता. निएवेस त्यांचीच मुलगी.

आदल्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर फोर्तुनाताबाई वर्गात आल्या. गुडघा धरून आल्या, दार लावून घेतले, आणि शालीतून पाचसहा बटाटे काढून टेबलावर ठेवले. 

मग हळूहळू सारे बाहेर आले. गुडघ्याने यंदा त्यांना पठारापर्यंत जाऊ दिले नव्हते. त्यांनी बटाटे घराजवळच, मातीच्या भिंतीच्या आडोशाला पसरले होते. भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री सोडते, हे आमच्याकडचे शेंबडे पोरही जाणते. त्यांनाही ते ठाऊक होते. पण दुखण्यापुढे त्यांनी मनाची समजूत घातली होती. आता बटाटे वरून मऊ लागत होते, आतले काही सांगता येत नव्हते. वीस वर्षे ज्या अंगठ्याने दाबून त्यांनी साऱ्या गावाचे बटाटे पारखले, तो अंगठा पहिल्यांदाच गप्प होता. आत जीव असलेला बटाटा पाण्यात गेला तर तीन आठवड्यांनी कडूच्या कडू निघतो, नाहीतर कुजतो. त्यांच्या घरात दोन वर्षांचे खाणे तेवढेच होते.

"क्रिसोस्तोमोला सांगितलं तर वरचं डबकं जाईल, आणि नाही सांगितलं तर वर्ष जाईल," त्या म्हणाल्या. "गुरुजी, तुमच्या त्या पेटीतल्याला विचारा की. मेलेत का जिवंत आहेत, एवढंच."

गुरुजी म्हणाले, की त्यांनी ते यंत्र कधी वापरलेले नाही. शाळेचे सामान आहे. काही बिघडले तर काय सांगायचे. शिवाय दिसले तरी आपल्याला कळेल असे थोडेच आहे. फोर्तुनाताबाईंनी सारे ऐकून घेतले आणि त्यांच्या गळ्यातल्या किल्लीकडे बोट दाखवले.

कपाट उघडले. पेटी टेबलावर आली. झाकण उचलले तेव्हा आधी मी दिसलो नाही, ते पत्र दिसले. बाईंना वाचता येत नव्हते. पण लेकीचे अक्षर कुठली आई ओळखत नाही?

"हे इथं निजवलंय होय," त्या म्हणाल्या. "दर सुट्टीत विचारते पोरगी. मी म्हणते, टपाल हरवलं असेल बाई."

गुरुजी खाली पाहत राहिले. "मला उत्तर माहीत नव्हतं."

"मग तेच लिहायचं होतं. 'माहीत नाही' असं लिहिलं असतं, तरी तिनं ते भिंतीला लावून ठेवलं असतं."

 गुरुजींनी मला दोन्ही हातांनी उचलले, खिडकीपाशी नेले आणि माझा आरसा उजेडाकडे वळवला. इतक्या वर्षांनी माझ्या नळीतून सूर्याचा उजेड वर चढला. मित्रांनो, त्या क्षणाचे मी काय वर्णन करू!

पहिल्या कापात काही दिसले नाही. पिठाच्या दाण्यांची गर्दीच गर्दी, पोते फुटल्यासारखी. दुसरा काप जाड झाला.  मग बाईंनीच सुरी घेतली. या जातीच्या बटाट्याला सालीखाली जांभळी कड असते. तिचा, फुंकरीने उडेल इतका पातळ पापुद्रा त्यांनी काढला. आयुष्यभर बटाटे सोलणाऱ्या हाताचा काप होता तो. गुरुजींनी तो पाण्याच्या थेंबात ठेवला आणि डोळा लावला.

मी मला जे येते ते केले. घरांची रांग लागावी तशा पेशी दिसल्या, आणि प्रत्येक घरात एकेक जांभळी पिशवी, काठोकाठ भरलेली, टच्च. मग गुरुजींनी बाईंनी तुलनेसाठी आणलेला, पठारावर चांगला गोठलेला शेजाऱ्यांचा बटाटा घेतला. तिथे घरे होती, पण पिशवी एकाही घरात नव्हती. जांभळा रंग भिंती ओलांडून सगळीकडे फिका पसरला होता, पेल्यातल्या थेंबासारखा.

गुरुजी ताठ बसले. मग त्यांना काय सुचले कोण जाणे. कदाचित कुठल्या पुस्तकातली एखादी ओळ आठवली असेल. ते उठले, डब्यातले मीठ पाण्यात कालवले आणि बाईंच्या कापावर एक थेंब सोडला. माझ्या नळीत मला आरेकिपा दिसले. जांभळ्या पिशव्या भिंतींपासून सुटल्या आणि आक्रसून मनुकांएवढ्या झाल्या. साधे पाणी घालताच त्या हळूहळू पुन्हा फुगल्या. गोठलेल्या बटाट्यावर मीठ घालून पाहिले. तिथे काहीच हलले नाही.

गुरुजी फार हळू बोलले, आपल्याशीच बोलावे तसे. जिवंत पेशीचे पटल आतले आत धरून ठेवते. कडूपणाला बाहेर मोकळी जागा दिसते, पण पहारेकरी दार उघडत नाही. रात्री बर्फाची टोके त्या पटलाला फाडतात, पहारेकरी मरतो, आणि मग गर्दी पांगते. नदी फक्त वाहून नेते. बाहेरचे पाणी सतत नवे असल्यामुळे बाहेर कधी दाटी होत नाही, म्हणून आतले शेवटपर्यंत येत राहते. गोठवणे आणि धुणे ही दोन कामे आहेत. निएवेसने विचारले होते ते हेच.

"गुरुजी," बाई म्हणाल्या, "ते सगळं तिला सांगा. मला एवढंच सांगा, माझे मेलेत का?"

"नाही. जिवंत आहेत."

बाईंनी शाल सावरली.  मग म्हणाल्या, की गावाला त्या स्वतःच सांगतील, पण गुरुजींनी शेजारी उभे राहावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे गाव नदीवर जमले होते. गुरुजी मला काखेत धरून आले. चार माणसांत बोलायचे टाळणारा माणूस, पण आला. बाईंनी भिंतीच्या आडोशाची चूक सर्वांसमोर सांगितली. कुजबूज झाली. गुरुजींनी सांगितले, की हे बटाटे अजून गोठायला हवेत, आणि गाव थांबले नाही तर वरच्या डबक्याचे वर्ष फुकट जाईल.

थांबणे सोपे नव्हते. गोठलेले बटाटे उन्हाने काळे पडतात. थांबायचे तर प्रत्येक घराने सकाळी सारे बटाटे गवताखाली झाकायचे आणि संध्याकाळी पुन्हा पसरायचे. आणि ढग हटले नाहीत तर?

"गुरुजी," ताता क्रिसोस्तोमो म्हणाला, "सत्तर वर्षं तुंता खातोय मी. आजवर कुठल्या बटाट्यानं डॉक्टर मागितला नव्हता."

सगळे हसले. गुरुजींचे कान लाल झाले, पण या वेळी ते पेल्याशी खेळत बसले नाहीत. त्यांनी एका दगडावर मला ठेवले आणि म्हणाले, "ताता, एकदा बघा. मग मी म्हणतोय ते चुकीचं असेल तर मला नदीत टाका."

तात्याने टोपी काढली, वाकला, डोळा लावला. खूप वेळ पाहिले. "मला तर काठावरची लव्हाळी दिसताहेत. हलताहेत सुद्धा."

"त्या तुमच्या पापण्या आहेत ताता. जरा मागं व्हा."

आता गाव तात्याला हसले. तो मागे झाला आणि पुन्हा पाहू लागला. गुरुजींनी मिठाचा थेंब सोडला. "अरे," ताता म्हणाला, "ही तर अंग चोरून बसली. हिला अजून थंडी वाजते." मग त्याने स्वतःचा बटाटा पुढे केला, पाहिला, दोन्हींत पुन्हा पुन्हा पाहिले. त्याच्या मागे रांग लागली. त्या सकाळी बेचाळीस माणसांनी माझ्यात पाहिले. मित्रांनो, दवाखान्यात मी पुष्कळांचे भले केले असेन, पण इतकी मोठी रांग माझ्यासमोर कधी लागली नव्हती.

तात्याने विचारले, किती रात्री लागतील. गुरुजी म्हणाले, "आभाळाचं मला माहीत नाही. मला बटाट्याचं माहीत आहे." हे सांगताना त्यांना लाज वाटली नाही, हे मी पाहिले. तात्याने तीन रात्री दिल्या. त्यानंतर पोती पाण्यात जातील, मग वरचे डबके रिकामे राहिले तरी राहो.

बाईंचे बटाटे गाढवांवर लादून शेजाऱ्यांनीच पठारावर नेले. पहिल्या सकाळी ढग होते. दुसऱ्या सकाळी नुसता गारठा. लोक कुरकुरत गवत ओढत होते आणि गुरुजी माझ्या शेजारी बसून पुस्तकाचे तेच पान चारदा वाचत होते. आपल्या एका शब्दावर साऱ्या गावाचे खाणे टांगले आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते. तिसऱ्या सकाळी दार ढकलून फोर्तुनाताबाई आत आल्या. त्यांच्या शालीच्या झालरीला पांढरे दव गोठून बसले होते. हातातले दोन बटाटे त्यांनी एकमेकांवर आपटले, दगडांसारखे वाजले.

बटाटे खिडकीत ठेवून पाघळेपर्यंत दोघे बसून राहिले. मग पापुद्रा बाईंनी काढला आणि या वेळी डोळाही त्यांनीच लावला. पिशवी कुठेच नव्हती. रंग सगळीकडे मोकळा झाला होता.

"मेले," त्या म्हणाल्या, आणि हसत हसत डोळे पुसू लागल्या. "मेले गुरुजी, सगळेच्या सगळे मेले."

त्याच दिवशी सगळी पोती पाण्यात गेली, वरच्या डबक्यात फोर्तुनाताबाईंची. पुढचे सारे नदीने केले. ऑगस्टात त्यांनी पहिली तुंता शिजवली, पोटात चीज भरून, फडक्यात गुंडाळून शाळेत आणली. गुरुजींनी एक घास घेतला आणि थांबले. जिभेवर कडूपणा शोधत होते. तो नव्हता. मला चव कळत नाही, पण त्या घासात माझाही वाटा होता असे मी मानतो, आणि हा एवढा गर्व तुम्ही मला माफ करावा.

आता मी कपाटात राहत नाही. खिडकीजवळच्या टेबलावर असतो. मुलांची बोटे लागतात, भिंगांवर ठसे उमटतात, एकदा माझ्यावर कुणाचे सूप सांडले. यादीत अजून 'चालू स्थितीत' असेच लिहिलेले आहे, पण आता ते खरे आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेतही कुठल्या कपाटात माझा कोणी भाऊबंद असेल. त्याला पुसत बसू नका. खिडकीपाशी न्या आणि डोळा लावा. कुलूप ही काळजी नव्हे. आम्हाला जपायचे तर वापरा, आणि वापरून झाल्यावर जागच्या जागी ठेवा. आमचे मागणे तेवढेच आहे. आणि कुणी तुम्हाला प्रश्न विचारला, उत्तर ठाऊक नसले, तर निदान तसे कळवा. विचारणारा थांबलेला असतो.

एक सांगायचे राहिले. सप्टेंबरातल्या एका बाजाराच्या दिवशी गुरुजींनी मला पेटीत घातले, कारण माझ्या आरशाचा स्क्रू ढिला झाला होता आणि तो बाजाराच्या गावातल्या घड्याळजीला दाखवायचा होता. पेटी मांडीवर घेऊन ते ट्रकमध्ये बसले. पेटीत निएवेसचे पत्र नव्हते. ते त्यांच्या कोटाच्या खिशात होते, आणि त्याला लागून दुसरे एक पाकीट होते. ते लिहिताना मी टेबलावरच होतो. तीन कागद फाटले होते. चौथ्याची सुरुवात अशी होती: "निएवेस, तू विचारलंस तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तुझ्या आईनं काप काढला, मी फक्त बघितलं." मग चार पाने होती आणि एक चित्र, त्यात घरांची रांग होती आणि प्रत्येक घरात एक पिशवी. शेवटी लिहिले होते, की तुझ्या शाळेत सूक्ष्मदर्शक नसेल तर मुलांना घेऊन ये, आमचा आता कपाटाबाहेर आहे.

घड्याळजीकडे जाण्याआधी गुरुजी टपाल कचेरीत गेले. तिकीट चिकटवले. टपालपेटीसमोर उभे राहिले, पत्ता पुन्हा वाचला, पाकीट उलटे करून पाहिले. मागच्या बाईने विचारले, टाकताय की घरी नेताय. गुरुजी तिला सॉरी म्हणाले, मला काखेत घट्ट धरले आणि पाकीट सोडले. पाकीट आत पडल्याचा आवाज मी ऐकला.